दिव्यांग नातवाच्या नावावरची एफडी मोडू नका, व्याज बाबांच्या उत्पन्नात येत नाही

पत्र धायरीहून आलंय. ताईंनी नाव लिहू नका सांगितलंय म्हणून लिहीत नाही, आणि पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सर्टिफिकेटवर ८५ टक्के आहे. मिस्टरांना वर्षाला साडेचौदा लाख पगार आहे, मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे फार काही येत नाहीत. घराचं लोन चालू आहे. सासऱ्यांनी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रिटायरमेंटच्या पैशातून नातवाच्या नावावर १५ लाखांची एफडी केली. आता बँकेने त्यावर टीडीएस कापला आणि रिटर्न भरून देणारे म्हणतात की मुलगा अज्ञान (१८ वर्षांखालचा) आहे म्हणून ते सगळं व्याज मिस्टरांच्या उत्पन्नात धरावं लागणार. हे ऐकल्यापासून सासरे म्हणतायत की माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड बसला, मी एफडी मोडतो. दुसरं म्हणजे ऑफिसमध्ये एचआरने न्यू रेजिम लावून टाकलंय, त्यात मुलाची सवलत मिळत नाही म्हणे. आधी मिळायची, आता का नाही, त्याचा खर्च काय कमी झालाय का? आणि त्याचं सर्टिफिकेट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलंय, रिन्यू करायचं राहिलं, तर या वर्षीचं सगळंच गेलं का? थेरपीची बिलं पण सगळी नाहीत. खूप गोंधळ झालाय, काय करू?"

अगं, सगळ्यात आधी सासऱ्यांना सांग की एफडीला हात लावू नका. ते व्याज तुझ्या मिस्टरांच्या उत्पन्नात येत नाही.

अज्ञान मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील, ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचं हा नियम खरा आहे, आयकर कायद्याचं कलम ६४(१ए). रिटर्न भरणाऱ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलंय. पण त्याच कलमात, त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की ८०यू मध्ये सांगितलेलं अपंगत्व असलेलं मूल यातून वगळलंय. म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न हे त्याचं स्वतःचं उत्पन्न, ते आईवडिलांच्या नावावर ढकलायचं नाही. तुझ्या लेकाचं ८५ टक्के आहे आणि सेरेब्रल पाल्सी ८०यू च्या यादीत स्पष्ट आहे, त्यामुळे इथे वाद घालायला जागाच नाही. आणि आजोबांनी नातवाला दिलेले पैसे हे नातेवाइकाने दिलेली भेट धरतात, त्यावरही कर नाही, म्हणजे मूळ १५ लाखांचीही काळजी नको.

आता आकडा बघ म्हणजे सासऱ्यांनाही पटेल. तू व्याजदर लिहिला नाहीस, मी ७ टक्के धरते, म्हणजे वर्षाचं व्याज झालं १ लाख ५ हजार. हे मिस्टरांच्या उत्पन्नात घुसवलं असतं तर जुन्या रेजिममध्ये (कर मोजायच्या दोन पद्धतींपैकी वजावटी मिळणारी जुनी) २० टक्क्यांचा स्लॅब आणि वर ४ टक्के सेस धरून २१,८४० रुपये कर बसला असता, नव्या रेजिममध्ये १५ टक्क्यांच्या स्लॅबने १६,३८०. आणि तेच व्याज मुलाच्या स्वतःच्या नावावर धरलं तर कर शून्य, कारण त्याला त्याची स्वतःची करमुक्त मर्यादा आहे, जुन्यात अडीच लाख, नव्यात ४ लाख, त्याचं उत्पन्न त्याच्या कितीतरी खाली आहे. वर बँकेने कापलेला १० टक्के टीडीएस म्हणजे १०,५०० रुपये, ते त्याला परत मिळतील. एका कलमातलं अर्धं वाक्य वाचायचं राहिलं म्हणून दर वर्षी एवढे पैसे जाणार होते, आणि ज्या माणसाने आयुष्यभराची पुंजी नातवासाठी ठेवली तो स्वतःला दोष देत बसलाय, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्यांना हे आजच्या आज वाचून दाखव.

मग टीडीएस मिस्टरांच्या नावावर का दिसतोय? कारण एफडी करताना बँकेने पालकाचा पॅन मागितला आणि तुम्ही दिला, सगळे देतात. बँकेच्या कॉम्प्युटरला मूल दिव्यांग आहे की नाही हे कळत नाही, तो ज्याचा पॅन त्याच्या नावावर व्याज टाकतो, आणि मग आयकरच्या पोर्टलवर मिस्टरांच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाच्या माहितीच्या यादीत, ती ओळ येऊन बसते. ते बघून रिटर्न भरणारा म्हणतो इथे दिसतंय म्हणजे धरावंच लागेल. तसं नसतं. एआयएस ही नुसती आलेली माहिती आहे, उत्पन्न कोणाचं हे कायदा ठरवतो.

तर पहिलं काम, मुलाचा पॅन काढ. अज्ञान मुलाचा पॅन निघतो, अर्ज पालक करतात, कार्डावर फोटो आणि सही नसते एवढंच. तो आला की बँकेत जाऊन एफडीला त्याचा पॅन जोडायचा आणि शाखेत लेखी अर्ज द्यायचा की हे उत्पन्न मुलाचं आहे, मूल दिव्यांग असल्याने कलम ६४(१ए) लागू होत नाही, तरी टीडीएसची नोंद मुलाच्या पॅनवर करावी. आयकर नियम ३७बीए मध्ये याची सोय आहे, अर्जात तो नंबर लिही कारण काउंटरवरच्या माणसाला हे रोजचं काम नाहीये, नंबर असला की तो वर विचारतो तरी. सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स लाव आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. बँकेने दुरुस्ती करेपर्यंत इकडे मिस्टरांच्या एआयएसमध्ये त्या व्याजाच्या ओळीवर फीडबॅक द्यायचा, त्यात ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे असा पर्याय आहे, तिथे मुलाचा पॅन टाकायचा. मग पोर्टलवर मिस्टर मुलाचे प्रतिनिधी म्हणून नोंद करून त्याचं वेगळं रिटर्न भरतील आणि टीडीएसचा रिफंड मागतील, त्यासाठी बँक खातं पण मुलाच्या नावाचं पाहिजे, नसेल तर आत्ताच उघड. पुढच्या वर्षांसाठी टीडीएस कापूच नका असं घोषणापत्र मुलाच्या पॅनवर वर्षाच्या सुरुवातीला दे, आपण १५जी म्हणायचो ते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, त्यामुळे बँकेत नवा फॉर्म मागून घे. पण तू आत्ता जे रिटर्न भरणार ते २०२५-२६ या वर्षाचं, त्याला जुनाच कायदा आणि मी लिहितेय तेच नंबर.

एक गोष्ट जपून. मुलाच्या रिटर्नमध्ये ८०यू ची सवलत चुकूनही मागायची नाही. ८०यू म्हणजे दिव्यांग व्यक्तीने स्वतःच्या उत्पन्नातून घ्यायची वजावट, आणि ८०डीडी म्हणजे अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी घरच्याने घ्यायची. मुलाने ८०यू घेतली की वडिलांची ८०डीडी गेली, कायदाच तसा आहे. मुलाला त्याची गरजही नाही, त्याचा कर तसाही शून्य आहे. भरणारा माणूस 'मूल दिव्यांग' दिसलं की टिक करून टाकतो, म्हणून बाजूला बसून बघ.

आणि हो, तुझ्या पत्रात धाकट्या मुलीचा उल्लेख होता. सासरे उद्या म्हणतील दोघांना सारखं, तिच्याही नावावर टाकतो, तर प्रेम म्हणून जरूर टाकू देत, पण तिच्या एफडीचं व्याज मात्र मिस्टरांच्याच उत्पन्नात येईल, तिला ही सूट नाही.

आता रेजिमचं. तू लिहिलंयस "त्याचा खर्च काय कमी झालाय का", ते वाचून मी थांबले थोडा वेळ. तुझा राग बरोबर आहे. नव्या रेजिममध्ये ८०डीडी नाही, ८०यू नाही, आजारपणाच्या खर्चाची ८०डीडीबी नाही. स्लॅब सगळ्यांना सारखे, मग घरात व्हीलचेअर असो की नसो. ज्या घरात दर महिन्याला फिजिओ, स्पीच थेरपी, वाढत्या पायाला दर थोड्या दिवसांनी नवे स्प्लिंट्स लागतात त्या घराला वेगळं काही द्यायचं नाही हे मला न्यायाचं वाटत नाही, आणि मी हे जिथे बोलायची संधी मिळते तिथे बोलते.

पण राग एका बाजूला ठेवून आकडे मांडायलाच लागतात, कारण सवलत मिळाली म्हणजे कर कमी झाला असं नाही. बघ. नव्या रेजिममध्ये साडेचौदा लाखातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा, राहिले १३,७५,०००. (१२ लाखांपर्यंत कर नाही हे खरं, पण त्याच्या एवढं वर गेलं की ती सूट जाते आणि ४ लाखांपासून स्लॅबने मोजतात.) कर होतो ८६,२५० आणि सेस धरून ८९,७००.

जुन्यात स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, पीएफ आणि लोनचं मुद्दल धरून ८०सी चे दीड लाख, घराच्या कर्जाचं व्याज २ लाख (तुझं त्याहून जास्त जातंय पण राहत्या घराला मर्यादा तेवढीच), तुम्हा चौघांच्या मेडिक्लेमचे २५ हजार आणि मुलाची ८०डीडी. दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर ८०डीडी ७५ हजार मिळते, ८० किंवा त्याच्या वर असेल तर सव्वा लाख, म्हणजे तुझ्या लेकाला सव्वा लाख. त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निळ्या रंगाचं असेल तर ते हेच सांगतं, पिवळं असतं ते ४० ते ८० वालं. एवढं सगळं वजा करून राहतात ९ लाख, कर सेससकट ९६,२००. म्हणजे मुलाची सवलत घेऊनही जुनं रेजिम साडेसहा हजारांनी महाग! एचआरने काही वाईट केलेलं नाही, त्यांनी एवढंच मोजलं असणार.

पण तू शेवटी एक ओळ लिहिलीयस की सासूसासऱ्यांच्या मेडिक्लेमचे ५२ हजार पण मिस्टरच भरतात. ती ओळ एचआरला दिली होतीस का? साठीच्या पुढच्या आईवडिलांच्या प्रीमियमला ८०डी मध्ये वेगळे ५० हजार मिळतात, रोखीने भरलेला नसला म्हणजे झालं. ते वजा केले की उरतात साडेआठ लाख आणि कर सेससकट ८५,८००. आता जुनं रेजिम ३,९०० रुपयांनी स्वस्त. फार मोठा फरक नाहीये, पण तुझाच आहे. बचत खात्याचं व्याज वगैरे किरकोळ मी धरलेलं नाही, ते घालून एकदा मोज, आयकरच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे.

मिस्टर पगारदार आहेत, धंद्याचं उत्पन्न नाही, तर रेजिम दर वर्षी बदलता येतं, आणि ऑफिसने नव्या रेजिमप्रमाणे टीडीएस कापला असला तरी रिटर्न भरताना जुनं निवडून फरक परत घेता येतो. अट एकच, रिटर्न मुदतीत म्हणजे ३१ जुलैच्या आत गेलं पाहिजे. मुदत हुकली की जुनं रेजिम निवडायचा हक्क संपला, मग सव्वा लाख काय आणि मेडिक्लेम काय, सगळं गेलं. तुझ्या बाबतीत काठावरचा फरक आहे म्हणून हे दर वर्षी नव्याने मोजावं लागेल, लोनचं व्याज २ लाखांच्या खाली यायला लागलं की पारडं परत नव्याकडे झुकेल, तेव्हा सवलत गेली म्हणून जीव जाळू नकोस, कमी कर कुठे लागतो तिकडे जा.

बिलांची काळजी सोड. ८०डीडी ही ठोक वजावट आहे, खर्च ३० हजार झाला काय आणि ३ लाख झाला काय, मिळणार सव्वा लाखच. खर्च होतोय हे खरं असलं पाहिजे, म्हणून थेरपीच्या पावत्या, यूपीआयची नोंद एका फाइलमध्ये असू दे, कधी विचारणा झाली तर उपयोगी पडतात. रुपया न रुपया जुळवत बसायचं कारण नाही.

सर्टिफिकेट संपल्याचं तुला जे टेन्शन आलंय त्यात मात्र एक चांगली बातमी आहे जी फार जणांना माहीत नसते. ज्या आर्थिक वर्षात सर्टिफिकेट संपलं ते पूर्ण वर्ष चालतं. तुझं नोव्हेंबर २०२५ ला संपलं, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या अख्ख्या वर्षाची सवलत तुला त्याच सर्टिफिकेटवर मिळते. अडणार ते त्याच्या पुढच्या वर्षापासून, नवं काढल्याशिवाय नाही. म्हणून आता चालढकल नको, यूडीआयडीच्या पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाक आणि तपासणीला जा, पुण्यात ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू आहे. लेकाला घेऊन जायचं म्हणजे काय असतं ते मला माहितीये, जुन्या सर्टिफिकेटसकट सगळे रिपोर्ट एका पिशवीत घे म्हणजे एका कागदासाठी परत धायरी ते ससून नको. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना नक्की विचार की कायमस्वरूपी देता येईल का, म्हणजे दर काही वर्षांनी ही ओढाताण नाही.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता या तिन्हींना अजून एक कागद लागतो, फॉर्म १०-आयए. यावर लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टची किंवा सरकारी हॉस्पिटलच्या सिव्हिल सर्जन, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही लागते. डॉक्टरांना हा फॉर्म माहीत असेलच असं नाही, छापील प्रत तूच घेऊन जा, आजाराचं नाव आणि कायमचं की तात्पुरतं हे रकाने भरलेत ना ते तिथेच बघ. मग तो मिस्टरांच्या लॉगिनमधून रिटर्नच्या आधी अपलोड करायचा, त्याचा पावती नंबर आणि तारीख रिटर्नमध्ये ८०डीडीच्या तक्त्यात विचारतात. ऑफिसमधून सवलत घेत होतात तेव्हा ही पायरी कोणी सांगितली नसेल, आता हा तक्ता भरावाच लागतो.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. महाराष्ट्रात दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना व्यवसाय कर माफ आहे. मिस्टरांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला अडीच हजार कापले जातात, पे स्लिपवर पीटी लिहिलेलं असतं बघ. एचआरला सर्टिफिकेट देऊन अर्ज करायचा, कापणं बंद. याला जुनं नवं रेजिम काही नाही, राज्याचा कर आहे.

तुझ्या शेजारच्या दादांसाठी पण विचारलंयस, ज्यांच्या एका पायाला पोलिओ आहे आणि ते स्वतः नोकरी करतात. त्यांना जुन्या रेजिममध्ये ८०यू आहे, टक्क्यांप्रमाणे ७५ हजार किंवा सव्वा लाख. ते नव्यात असतील तर एचआरला विचारायचं की पगाराच्या रचनेत वाहतूक भत्ता वेगळा दाखवता येईल का, कारण अंध, मूकबधिर किंवा पायांनी अपंग कर्मचाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त असतो आणि हा नव्या रेजिममध्येही चालतो, २०२५-२६ पर्यंत ही मर्यादा महिन्याला ३,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ३८,४०० होती. पगारात तो भत्ता त्या नावाने असावा लागतो, रिटर्न भरताना आपल्या मनाने वजा करता येत नाही. व्यवसाय कराची माफी त्यांनाही आहे.

महापालिकेकडून लेकाला मिळालेल्या अर्थसाहाय्याचं विचारलंस. तेही मिस्टरांच्या उत्पन्नात नाही, आणि लेकाचं म्हणून धरलं तरी त्याची करमुक्त मर्यादा कुठेच ओलांडली जात नाही.

आता पुढचं थोडं. तो १८ वर्षांचा झाला की तुम्ही दोघं आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. बँक सही मागते, आणि एफडी, पॅन, रिटर्न सगळं तिथे अडतं. सेरेब्रल पाल्सीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, कोर्टात न जाता. अजून ७ वर्षं आहेत, घाई नाही, पण एफडीची मुदत ठरवताना ती त्याच्या अठराव्या वाढदिवसाच्या आगेमागे संपणार नाही एवढं बघा. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. अजून काढली नसशील तर सर्टिफिकेट नवं आलं की पहिला अर्ज तिचा टाक.

पॅन यायला थोडे दिवस जातात, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात कर, बँकेचं सगळं त्याच्यावर अडलंय. १०-आयए साठी डॉक्टरांची वेळ आत्ताच घेऊन ठेव, जुलैमध्ये सगळ्यांनाच घाई असते. बँकेने अर्ज घ्यायला नकार दिला तर मला परत लिही, आपण पुढचं पत्र मिळून तयार करू.